जबडा अडकलाय, एक डॉक्टर स्प्लिंट म्हणतात दुसरे इंजेक्शन, काय करू?

शाळाताई_चोपडा:

नमस्कार सगळ्यांना. मी चोपडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, वय ३६, दुसरीचा वर्ग. उजव्या कानाच्या पुढे, तोंड उघडताना बोट ठेवलं की जिथे हाड सरकताना लागतं ना, तिथे दोनेक वर्षांपासून कट्ट असा आवाज यायचा. दुखत नव्हतं म्हणून मी लक्षच दिलं नाही. यंदा आखाजीला माहेरी गेले, लिंबाला झोका बांधलेला, बहिणी भावजया सगळ्या मिळून गाणी म्हणत होतो आणि मधेच जबडा अडकला. म्हणजे मिटतोय नीट पण उघडायला गेलं की कोणीतरी आतून खुट्टी मारल्यासारखं होतं. त्या दिवसापासून तो कट्ट आवाज एकदम बंद झाला, मला वाटलं चला बरंच झालं, पण तोंड दोन बोटांच्या वर उघडेना आणि उघडताना हनुवटी उजवीकडे जाते हे मला आरशात दिसलं तेव्हा पोटात गोळा आला.

आता सहा आठवडे झाले. कळण्याची भाकरी वरणात भिजवून पार लगदा करून खाते, दाळबट्टी तर विसरूनच गेलेय. जांभई आली की हाताने हनुवटी धरून ठेवावी लागते. सासूबाई म्हणतात दातखिळीच बसली, कोणाची तरी नजर लागली. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कान एकदम साफ निघाला. मग दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, म्हणाले हाड ठीक आहे, स्प्लिंट म्हणजे दातांवर बसणारी पट्टी करून देतो, रात्री लावायची, साडेसहा हजार. दिरांनी मोठ्या शहरात एका ठिकाणी नेलं तिथे दहा मिनिटांत सांगितलं की स्प्लिंटने काही होणार नाही, सांधा धुवून आत इंजेक्शन देऊ, वर पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला भाग, तो पण देऊ, आणि खर्च ऐकून मी गप्पच बसले. शेजारच्या काकू म्हणतात अक्कलदाढ काढून टाक. शाळा उघडायला आठवडा राहिलाय, चाळीस पोरांपुढे दिवसभर बोलायचंय. कोणी यातून गेलंय का? नेमकं कुठून सुरू करू?

भुसावळकर_नाईटड्युटी:

ताई, मी रेल्वेत आहे, रात्रपाळी पाचवीला पुजलेली. माझं तुमच्यासारखं अडकलं नव्हतं, मी झोपेत दात खायचो. मला कळायचं पण नाही, बायको सांगायची की जात्यावर काही दळतंय असा आवाज येतो. सकाळी उठलं की दोन्ही गाल आणि कानशिलं ठणकायची, डोकं धरून राहायचं, चहाचा कप होईपर्यंत बोलायची इच्छा नसायची. डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन वर्ष काढलं.

मी आधी काय चूक केली ती सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. ऑनलाइन एक रबरासारखं मिळतं, गरम पाण्यात टाकून दातावर दाबायचं, ते मागवलं. ते मऊ असल्यामुळे मी झोपेत ते च्युइंगमसारखं चावतच राहायचो, महिनाभरात दुखणं वाढलं. मग जळगावला एका प्रोस्थोच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या, मॅडमनी दोन्ही जबड्यांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकची पारदर्शक स्प्लिंट केली, वरच्या सगळ्या दातांवर बसणारी. आणि खरं काम ती बसवल्यावर सुरू झालं. निळा कागद दातात धरून चावायला सांगायच्या, जिथे जास्त निळं उमटलं तिथे घासायच्या, परत चावा, परत घास, असं त्या दिवशी पाऊण तास चाललं. नंतर दहा दिवसांनी, मग महिन्याने, एकूण चार वेळा गेलो. त्यांचं म्हणणं होतं की सगळे दात स्प्लिंटवर एकाच वेळी सारखे टेकले पाहिजेत, एकच दात आधी टेकला तर स्नायू आणखीन आवळतात. तर ताई, नुसती स्प्लिंट करून देतो म्हणणारे आणि नंतर परत बोलावणारे यात फार फरक आहे, आधीच विचारा की बसवल्यावर किती वेळा ॲडजस्ट करून देणार.

तीन महिन्यांत सकाळचं दुखणं जवळजवळ गेलं. पण माझं स्नायूचं होतं, तुमचं सांध्याचं वाटतंय, त्यामुळे माझ्यावरून ठरवू नका.

सातपुडा_डेंटल:

ताई, मी मूळचा शिरपूरचा, तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलंय, सध्या बाहेरगावी असतो. न तपासता निदान करणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं लिहिलंय की त्यावर बोलता येईल.

जबड्याच्या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल डोकं आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. तोंड उघडताना डोकं आधी फिरतं आणि मग पुढे सरकतं, चकतीपण त्याच्याबरोबर सरकते. काहींच्यात ही चकती पुढे घसरलेली असते, तोंड उघडताना डोकं टुणकन तिच्याखाली जातं तेव्हा तो कट्ट आवाज. हा आवाज कितीतरी लोकांना असतो आणि दुखत नसेल, अडकत नसेल तर त्याला काहीही उपचार लागत नाही हे आधी लक्षात घ्या, तुम्ही दोन वर्षं दुर्लक्ष केलं ती काही तुमची चूक नाही. पण कधीकधी चकती इतकी पुढे अडकते की डोक्याला तिच्याखाली जाताच येत नाही, मग आवाज बंद, तोंड अर्धवट उघडणं आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला वळणं. तुमची तीनही लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतात. साधारणपणे माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत. तुमची दोन जातात म्हणजे पंचवीस-तीसच्या आसपास असेल, पट्टीने समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजा आणि तारीख टाकून लिहून ठेवा, पुढे फार कामाला येईल.

साध्या एक्स-रेत म्हणजे ओपीजीत हाड दिसतं, चकती दिसत नाही. त्यामुळे हाड ठीक आहे म्हणजे सांधा ठीक आहे असं नाही. चकती बघायची तर एमआरआय, एकदा तोंड बंद ठेवून आणि एकदा उघडून. पण तो प्रत्येकाला लागत नाही, हाताने नीट तपासणाऱ्याला बरंच कळतं. अक्कलदाढीचा याच्याशी संबंध दिसत नाही, ती काढताना तोंड ताणून उघडं ठेवावं लागतं आणि आत्ता तुमच्या सांध्याला तेच नकोय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्प्लिंटने पुढे घसरलेली चकती जागेवर येत नाही, ते तिचं काम नाही. ती सांध्यावरचा आणि स्नायूंवरचा भार कमी करते, दात खाण्याची सवय असेल तर उपयोगी. इंजेक्शन हा शब्द मात्र फसवा आहे, त्या एका शब्दाखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात. सांधा धुणे म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस, यात भूल देऊन दोन सुया सांध्याच्या वरच्या कप्प्यात घालतात, एकीतून रिंगर लॅक्टेट म्हणजे सलाइनसारखं पाणी सोडायचं, दुसरीतून बाहेर, शंभर-दोनशे मिली, आणि मग जबडा हाताने हलवून मोकळा करायचा. ही पद्धत नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली आणि ती मांडली होती ती तुमच्यासारख्या अडकलेल्या जबड्यासाठीच. धुतल्यावर आत काही लोक वंगणासारखं हायल्युरोनिक ॲसिड सोडतात, काही स्टेरॉइड, काही पीआरपी. स्टेरॉइड संधिवातासारखी सूज असेल तर कामाचं पण त्याच सांध्यात वारंवार घेतलं तर कूर्चा खराब होते, आणि मधुमेह असेल तर साखर वाढते. आणि बोटॉक्स हे सांध्यात नसतं, ते स्नायू सैल करायला स्नायूत देतात, अडकलेल्या चकतीवर त्याचा उपाय नाही.

२०२३ च्या डिसेंबरात बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुन्या दुखण्यावर, म्हणजे तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यावर, एक मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात जबड्याचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, हाताने केलेली थेरपी, मनावरच्या ताणासाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन), घरी घ्यायची काळजी यांना ठाम होकार आहे. स्प्लिंट, सांधा धुणे, बोटॉक्स, स्टेरॉइड, हायल्युरोनिक यांना सरसकट वापराबाबत नकाराकडे झुकणारा सल्ला आहे. आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटला ठाम नकार. पण तुमचा प्रश्न जुन्या दुखण्याचा नाही, न उघडणाऱ्या तोंडाचा आहे आणि तो सहा आठवड्यांचा आहे, दोन्हींना एकच माप लावू नका.

मी असतो तर ह्या क्रमाने गेलो असतो: तपासणी, काही दिवस सूज उतरवायची गोळी, शेक, मऊ जेवण आणि रोजचे व्यायाम, रात्री स्प्लिंट दात खात असाल तरच. तीन-चार आठवड्यांत पट्टीवरचा आकडा वाढला नाही तर सांधा धुण्याचा विचार, फार महिने वाट बघत बसायचं नाही. पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत सुई सांगणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या. तसंच कोणी दात घासून चावा बदलतो म्हणालं तर तिथूनही उठा, घासलेला दात परत येत नाही.

पारोळ्याचा_भाऊ:

ताई, घाबरू नका, बठ्ठं नीट व्हई. मी एवढंच सांगायला आलो की तोंड उघडत नाही हे दर वेळी सांध्याचंच असतं असं नाही, हा धागा अजून कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या चुलतभावाचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, दोन वर्षं सगळे जबडा-जबडाच करत राहिले, तिखट अजिबात चालेना, वांग्याचं भरीत तोंडाला लागलं की डोळ्यात पाणी यायचं. शेवटी एका डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाले आत दोऱ्या झाल्यात, पांढरट कडक. सुपारी-गुटख्याने होणारं फायब्रोसिस. २०१२ पासून राज्यात गुटखा बंद आहे म्हणतात पण तो कुठल्याही टपरीवर मिळत होता आणि तो खात होता. यात पुढे कॅन्सरची भीती असते म्हणून वेळेत दाखवा. गालाला आतून जळजळ, सुपारीची सवय आणि हळूहळू कमी होत गेलेलं तोंड असं असेल तर स्प्लिंट-बिंट सोडा, आधी ते बघून घ्या.

तापीकाठची:

शाळाताई, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला कारण माझं तंतोतंत असंच झालं होतं, फक्त डावीकडे. माझ्याकडून उशीर झाला, पाच महिने मी शेकत बसले आणि लग्नसराईत जेवायला गेलं की कोपऱ्यात बसून भात गिळायचे. आधी एका ठिकाणी मला गालात बोटॉक्स दिलं गेलं. चार-पाच दिवसांत चावायची ताकद गेली, पापडसुद्धा मोडेना, हसले की एक गाल मागे राहायचा, ते सगळं यायला तीन महिने लागले आणि तोंड मात्र एक मिलिमीटरही जास्त उघडलं नाही. आता सातपुडा भाऊंचं वाचल्यावर कळलं का नाही उघडलं ते.

मग सांधा धुतला. भीती वाटते म्हणून सविस्तर सांगते. पूर्ण बेशुद्ध नाही केलं, कानापुढे भुलीचं इंजेक्शन, तेच काय ते टोचलं. कानाच्या मधल्या भागापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पेनाने रेघ काढली, तिच्यावर दोन टिंबं, त्या टिंबांवर सुया. पाणी आत जाताना कानात गच्च दाब आला, विमानात बसल्यासारखं म्हणतात तसं, आणि दुसऱ्या सुईतून पाणी गालावरून वाडग्यात टपटप पडत होतं तो आवाज ऐकत मी पडून होते. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. नंतर डॉक्टरांनी अंगठे दाढांवर ठेवून जबडा खाली-पुढे केला आणि आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, त्या बाजूचा डोळा मिटेना. मी रडायलाच लागले, मला वाटलं लकवा मारला. भूल चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरली होती, संध्याकाळपर्यंत डोळा आपोआप मिटायला लागला, तोवर ड्रॉप टाकून पट्टी लावून ठेवली. तुम्हाला करावं लागलं तर हे आधीच विचारून ठेवा म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

आधी २४ मिलिमीटर होतं, टेबलावरून उठले तेव्हा ३५. पण खरं सांगू का, ते टिकलं ते व्यायामाने. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, दिवसातून पाच वेळा. ज्या आठवड्यात नवरात्राच्या गडबडीत व्यायाम राहिला त्या आठवड्यात दोन काड्या कमी झाल्या. आता ३९ आहे आणि हुरडा खाल्ला यंदा मनसोक्त.

शाळाताई_चोपडा:

सगळ्यांचे किती आभार मानू. पट्टीने मोजलं, २७ भरलं. सातपुडा भाऊ, दोन गोष्टी विचारते. शाळेत बोलणं बंद ठेवू का, रजा टाकू का? आणि पीआरपी घेतलं नाही तर माझं नुकसान होईल का, कारण तिथे तसं ठासून सांगितलं होतं.

सातपुडा_डेंटल:

रजा नको ताई, बोलण्याने जबडा हलता राहतो ते चांगलंच. फक्त ओरडून शिकवू नका, आणि फोन खांद्यात दाबून बोलू नका. दिवसभर एकच पाळा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दात एकमेकांना फक्त चावताना आणि गिळतानाच लागायला पाहिजेत, बाकी वेळ मध्ये फट हवी. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात एक टिंब काढून ठेवा, नजर पडली की दात सुटे आहेत का बघायचं. जांभई आली की जीभ टाळूला चिकटवून ठेवा, तोंड फार उघडणारच नाही. व्यायाम मात्र ज्यांनी तपासलं त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, चुकीच्या बाजूला ताणलं तर दुखणं वाढतं.

पीआरपी न घेतल्याने काही बिघडणार नाही. त्यावर अभ्यास आहेत, काहींत फायदा दिसतो, पण सांधा धुतल्याने जो फरक पडतो त्याच्यावर ते किती भर घालतं हे अजून पक्कं नाही. कर्ज काढून घ्यावं असं तर मुळीच नाही. खाजगी झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, धुळ्याला पण दंत महाविद्यालय आहे. ओरल सर्जरी किंवा ओरल मेडिसिन विभागात दाखवा आणि मोजलेला आकडा बरोबर न्या.

भुसावळकर_नाईटड्युटी:

डॉक्टरसाहेब, रागावू नका पण विचारतो. तुम्ही म्हणालात त्या बीएमजेत स्प्लिंटला नकार आहे. मग माझं तर स्प्लिंटनेच बरं झालं, ते काय होतं?

सातपुडा_डेंटल:

रागवायचं काय त्यात भाऊ, योग्य प्रश्न आहे. तो नकार सौम्य आहे, त्याचा अर्थ असा की मोठ्या संख्येने बघितलं तर व्यायाम आणि समजावून सांगणं यांच्यापेक्षा स्प्लिंट जास्त चांगली असा भक्कम पुरावा नाही आणि खर्च मात्र आहे. एखाद्याला उपयोग होत नाही असं त्यात म्हटलेलं नाही. तुम्ही झोपेत दात खात होतात, कडक स्प्लिंटमुळे निदान दात झिजायचे थांबले आणि स्नायूंना आराम पडला असेल, शिवाय चार वेळा कोणीतरी नीट तपासलं, समजावलं, त्याचाही वाटा असतो. मी स्वतः स्प्लिंट देतो, पण सगळ्या दातांवर बसणारी, कडक, आणि रात्रीपुरती. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी मिळते ती महिनोन्‌महिने घातली तर मागच्या दाढा वर येतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात, असे पेशंट मी बघितलेत, ते निस्तरायला वर्ष जातं. आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीपण दात खाणं वाढतं, तशा चालू असतील तर स्वतःहून बंद न करता त्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

शाळाताई_चोपडा:

पाच आठवड्यांनी येतेय, पावसाने आणि शाळेने फुरसतच दिली नाही. संभाजीनगरला जाऊन आले. तिथे मॅडमनी कानापुढे दोन्ही बोटं ठेवून कितीतरी वेळ तपासलं, गालाचे स्नायू एकेक दाबून बघितले, मागच्या दाढा बघून म्हणाल्या की झिजल्यात, तुम्ही रात्री दात खाता, मला याची कल्पनाच नव्हती. एमआरआय झाला, चकती पुढे अडकलेली आहे तेच निघालं. त्यांनी व्यायाम स्वतः माझे हात धरून शिकवले, रात्री कडक स्प्लिंट दिली, दहा दिवस गोळ्या, आणि म्हणाल्या महिना बघू, नाही वाढलं तर सांधा धुऊ.

२७ चं दहा दिवसांनी २९ झालं, मग आठवडाभर हललंच नाही, मी खूप निराश झाले होते, तापीकाठच्या ताईंची पोस्ट परत परत वाचत होते. काल ३४ भरलं. हनुवटी अजून थोडी वळते पण दुखणं खूप कमी आहे. मॅडम म्हणाल्या आत्ता सुई नको, पुढच्या महिन्यात परत या. फळ्यावरचं टिंब पोरांनी बघितलं आणि विचारलं बाई हे काय, मी खरं ते सांगितलं, आता मी दात आवळले की पहिल्या बाकावरची एक पोरगी बोटाने टिंब दाखवते.

भुसावळकर भाऊ, एक राहिलं. स्प्लिंटला वास यायला लागलाय, गरम पाण्यात उकळून घेऊ का?

भुसावळकर_नाईटड्युटी:

अजिबात नको ताई, गरम पाण्याने ती वाकडी होते आणि मग बसत नाही. सकाळी काढली की गार पाणी आणि मऊ ब्रश, भांड्याचा साबण दोन थेंब चालतो, टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात. नीट धुवून डबीत ठेवा, आणि डबी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात माझी पहिली तशीच गेली. पुढच्या वेळी मॅडमकडे जाल तेव्हा बरोबर घेऊन जा, निळा कागद लावून बघतील.